वर पडण्याची भीती

१

कामावर पोचलं की लोक घड्याळात बघतात. ती घड्याळ काढून ठेवायची. मग किल्ल्या, केसांतल्या पिना, पर्स, धातूच्या काड्यांचा चष्मा. प्लास्टिकचा दुसरा चष्मा डोळ्यांवर चढवायचा, कापडी चपला पायात सरकवायच्या आणि पायवाटेनं आवाराच्या मधोमध असलेल्या लाकडी खोलीकडे निघायचं. कपड्यांचे हूकसुद्धा तिनं प्लास्टिकचे लावून घेतले होते. ते कशासाठी, हे शिंप्याला समजावता समजावता तिच्या नाकी नऊ आले होते. शेवटी 'असतं एकेकाचं' अशा नजरेनं बघत त्यानं ते शिवून दिले.

पृथ्वी हे एक भलंमोठं लोहचुंबक आहे, आणि त्या चुंबकाची नाडी बघणं हे या वेधशाळेचं काम. म्हणून इथं लोखंडाला मज्जाव. लाकडी खोलीचे खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळेच्या. दर आठवड्याला एकदा ती त्या खोलीत बसून हातानं मोजणी करायची. थोड्या अंतरावर एक छोटी कोठी होती; तिच्यातलं यंत्र दिवसरात्र आपलं आपण नोंद करत राहायचं. कोठीच्या भिंतीला घासून पायवाट पुढे जायची, ती आवाराच्या टोकाला असलेल्या दगडी खांबापर्यंत. खांबावर पांढऱ्या रंगाची एक रेघ होती. मोजणीच्या आधी खोलीतल्या दुर्बिणीतून, भिंतीतल्या हातभर झरोक्यातून, त्या रेघेवर नेम धरायचा. ती रेघ हलत नाही, म्हणून बाकीचं किती हललं ते कळतं. सगळं काम त्या एका भरवशावर चालायचं.

आकडे ती आतून मोठ्यानं सांगायची आणि दाराबाहेर बसलेले काका ते उतरवून घ्यायचे. काका निवृत्तीला टेकलेले होते. ऑफिसात त्यांना सगळे 'रेडिओ' म्हणायचे, कारण ते बंद पडत नसत. मोजणी चालू असतानाही त्यांचं चालूच.

"ताई, आमच्या हिनं काल विचारलं, इतकी वर्षं त्या चुंबकाशेजारी बसता, तुम्हाला काही चिकटलं कसं नाही? म्हटलं, तू चिकटलीस तेवढं पुरे."

"काका, आकडा उतरवला का?"

"उतरवला हो. आणि हे बघा, किल्ल्या पुन्हा खिशातच राहिल्या माझ्या."

हे प्रत्येक वेळचं होतं. ती रागवायची, काका जीभ चावायचे आणि उठून किल्ल्या लांब झाडाखाली ठेवून यायचे.

२

त्या आठवड्यात सूर्यावर एक मोठा डाग होता. डाग कसला, आपल्या पृथ्वीसारख्या कितीतरी पृथ्व्या मावतील एवढी काळी जखम. ती आता बरोबर पृथ्वीच्या समोर आली होती आणि तिच्यातून आदल्या दिवशी मोठा स्फोट झाला होता. अशा स्फोटातून तापलेल्या वायूचा आणि चुंबकत्वाचा ढग सुटतो. तो पृथ्वीवर येऊन आदळला की होकायंत्रं थरथरतात, लांबच्या विजेच्या तारांमधून नको ते प्रवाह वाहू लागतात, विमानांचे मार्ग बदलावे लागतात, रेडिओवर खरखर येते. त्याला चुंबकी वादळ म्हणतात. पान हलत नाही, ढग येत नाही आणि तरी वादळ असतं.

हे वादळ दुसऱ्या दिवशी येणार असा अंदाज होता. वादळात हातानं मोजणी करून उपयोग नसतो. म्हणून साहेब म्हणाले, "आजच उरकून घ्या."

सकाळ छान होती. खोलीत लाकडाचा वास होता. काका दाराबाहेर आपल्या मेहुण्याच्या गाडीचा किस्सा सांगत होते. ती यंत्राशी बसली आणि आकडा जुळवू लागली. पण आकडा ठरेना. एकीकडे सरकायचा, थबकायचा, पुन्हा सरकायचा, जशी एखाद्या झोपलेल्या माणसाची पापणी हलावी.

"काका, लवकर आलं वाटतं," ती आतून म्हणाली.

"कोण? साहेब?"

"वादळ."

फाटकावरच्या रखवालदाराच्या वायरलेसमधून खर्र खर्र असा आवाज येऊ लागला होता. एरवी इतक्या लांबून तो ऐकू यायचा नाही. ती उठणारच होती. पण घर सोडताना कुलूप एकदा ओढून बघावं तसं तिनं सवयीनं दुर्बिणीला डोळा लावला, खांबावरची रेघ जागेवर आहे ना ते बघायला.

रेघ दिसत नव्हती. तिच्यापुढे कोणीतरी उभं होतं.

३

ती दुर्बीण जुन्या घडणीची होती. तिच्यातून सगळं उलटं दिसायचं. जमीन वर, आभाळ खाली, झाडं वटवाघळांसारखी लोंबकळणारी. नवीन असताना तिला गरगरायचं. आता तिला त्याचं काहीच वाटत नसे. माणूस समोरून गेला तर तो डोकं खाली, पाय वर असा जातो, हे तिच्या डोळ्यांना अंगवळणी पडलं होतं.

म्हणूनच काय चुकतंय ते समजायला तिला थोडा वेळ लागला. समोरची व्यक्ती नीट उभी होती. डोकं वर आणि पाय खाली. त्या उलट्या जगात ती एकटीच सुलटी होती.

तिनं डोळा काढला आणि झरोक्यातून नुसतं बघितलं. खांब होता, गवत होतं, ऊन होतं. कोणी नव्हतं. पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. ती व्यक्ती होतीच. पाठमोरी, अंगात काहीतरी राखाडी. तिच्या पायांखाली काही नव्हतं, नुसतं स्वच्छ आभाळ. पण माणूस घरच्या फरशीवर उभा राहावा तशी ती त्याच्यावर आरामात उभी होती.

भिंगावर काहीतरी बसलं असेल. किडा असेल, कोळी असेल. उलटा बसला असेल म्हणून सुलटा दिसतोय. तिनं भिंग पुसलं. कापडावर काहीच आलं नाही.

"काका," ती म्हणाली. आवाज साधा ठेवायला तिला बराच जोर लावावा लागला. "खांबापाशी काही आहे का, जरा बघून येता? रेघ झाकली गेलीय."

"फांदी आली असेल. आत्ता येतो."

ते गेले. त्यांच्या खिशात किल्ल्या वाजत होत्या. पण त्या क्षणी तिला त्याचं भान नव्हतं. दुर्बिणीत तिला काका येताना दिसले, नेहमीसारखे, पाय वर, डोकं खाली, जमिनीला टांगलेले. ते खांबाजवळ थांबले. इकडे तिकडे बघितलं. त्यांच्या अगदी अंगाला लागून ती व्यक्ती उभी होती, आणि आता ती वळली. चेहरा तिला दिसला नाही, कारण त्या व्यक्तीनं मान वर करून काकांकडे बघितलं. मग दोन्ही हात हळूच वर केले. झाडावर अडकलेल्या मुलाला उतरवून घ्यायला बापानं हात पसरावेत, तसे.

ते हात काकांच्या कमरेपर्यंत पोचले.

"काही नाही हो इथं!" लांबून काका ओरडले आणि त्यांनी हात हलवला.

"परत या!" ती किंचाळलीच. "काका, परत या, आत्ता!"

४

काका परत आले ते हसतहसत. "अहो, साप बघितल्यासारखं काय ओरडताय?" पण खोलीच्या दारात येताच त्यांनी चौकट धरली. "जरा भोवळल्यासारखं झालं. उन्हानं असेल." मग खिसे चाचपले. "किल्ल्या कुठं गेल्या?"

दोघांनी सगळी पायवाट पालथी घातली. रखवालदारही आला. खांबाभोवतीच्या फरसबंदीपलीकडचं गवत त्यांनी हातानं विंचरून काढलं. किल्ल्या मिळाल्या नाहीत. काकू बाहेर गेल्या होत्या, म्हणून काकांना घरी जाऊन शेजाऱ्याकडून कुलूप तोडून घ्यावं लागलं.

दुपारी ऑफिसात ती कोठीच्या यंत्राची नोंद उघडून बसली. जे दिसलं ते नजरेचा खेळ होता असं यंत्रानं सांगावं, एवढीच तिची इच्छा होती. पडद्यावर वादळाच्या मोठमोठ्या लाटा उठलेल्या होत्या. वादळ सगळीकडे सारखंच असतं. म्हणून शेजारच्या केंद्राची नोंद यातून वजा केली की वादळ नाहीसं होतं आणि फक्त इथलं, जवळचं काय ते उरतं. एकदा कोणी विळा घेऊन कोठीमागे गवत कापायला गेला होता, तोसुद्धा असाच सापडला होता.

तिनं वजाबाकी केली. रेषा सरळ झाली. फक्त एका जागी बारीकसा उंचवटा राहिला: किल्ल्या खिशात घेऊन काका कोठीजवळून खांबाकडे गेले तो.

परत येतानाचा उंचवटा नव्हता.

बरोबरच आहे, तिनं स्वतःला समजावलं. किल्ल्या खांबापाशी पडल्या, मग येताना उंचवटा कसा येईल? सरळ हिशेब आहे. पण पडल्या तर सापडायला हव्या होत्या. आणि ती आठवू लागली. काका खांबापाशी उभे होते, ती कान टवकारून बसली होती, वारा नव्हता. खांबाभोवती फरसबंदी होती. एवढा जुडगा फरशीवर पडला असता तर खळ्ळकन वाजला असता.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो गाडी शिकवायचा. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून त्याला भीती या गोष्टीची चांगलीच ओळख होती. तो हसला नाही.

"डोळे तपासून घे," तो म्हणाला. "आणि काकांना आठवडाभर खांबाकडे पाठवू नकोस."

"दोन्ही कशाला?"

"एक तुझ्या समाधानासाठी, एक माझ्या."

५

काकांना पाठवायची वेळच आली नाही. ते कामावर यायचे थांबले. आधी काकूंचा फोन आला, की चक्कर येते. मग, की डॉक्टर म्हणाले कानाचं दुखणं आहे, तोल जातो, गोळ्या दिल्यात. मग फोनच येईनासा झाला. तेव्हा ती स्वतः भेटायला गेली.

काकूंनी दार उघडलं आणि ती आत आल्याबरोबर लगेच लावून घेतलं.

"उघडं दार त्यांना चालत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अंगणातून आत पळत येतात, कोणी मागे लागल्यासारखे. तूच काहीतरी विचार बाई त्यांना. माझ्याशी तर चकार शब्द बोलत नाहीत. एवढा बोलका माणूस."

काका आतल्या खोलीत जेवायच्या टेबलाखाली बसले होते. टेबल भिंतीला पट्ट्यांनी ठोकून घट्ट केलेलं होतं. दोन्ही हातांनी त्यांनी टेबलाचे पाय धरले होते. दाढी वाढली होती. तिला बघून ते ओशाळल्यासारखं हसले.

"या ताई. बसा. खाली बसा म्हणजे बरं."

ती फरशीवर बसली. खोलीत काहीतरी कमी होतं. वर बघितल्यावर कळलं. छताला पंख्याची दांडी तेवढी कापलेली दिसत होती.

"पंखा काढायला लावला," काका म्हणाले. "पडलो तर त्याच्यावर नको."

"वर कसे पडाल, काका?"

"तेच मीही म्हणतो स्वतःला. शाळेतल्या पोराला कळतं ते मला कळत नाही का? पण उभं राहिलो की पायांना समजत नाही हो. पाय म्हणतात, आपण कशाला तरी चिकटून लोंबकळतोय आणि खाली नुसतं आभाळ आहे. खोल, अगदी खोल." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "ढग असले की जरा बरं वाटतं. ढग असला की तळ असल्यासारखं वाटतं."

"किल्ल्यांचं काय झालं?"

बाहेर काकूंनी चहाचे कप मांडल्याचा आवाज आला.

"खिशातून कोणीतरी काढाव्यात तशा गेल्या," ते म्हणाले. "मी बघितल्या जाताना. चमकत चमकत लहान होत गेल्या. तुम्हाला सांगितलं नाही, म्हटलं निवृत्तीच्या तोंडावर वेड लागलं म्हणतील."

निघताना तिनं काकूंना धीर दिला. भोवळीच्या आजारात असे भास होतात, बरे होतील, असं काय काय. काकू ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष तिच्या पायांकडे होतं.

"तू पण पाय दाबून चालतेयस," त्या म्हणाल्या.

६

सूर्यही स्वतःभोवती फिरतो. त्याच्यावरचा डाग पलीकडे जातो आणि साधारण महिन्याभरानं, विरला नसेल तर, पुन्हा पृथ्वीच्या समोर येतो. हा विरला नव्हता. उलट मोठा झाला होता. पुन्हा स्फोट झाला, पुन्हा इशारा आला, आणि तिनं साहेबांकडे रजा मागितली.

"वादळाच्या दिवशीच रजा?" साहेब म्हणाले. "डॉक्टरनं तापाच्या साथीत गावाला जावं तसं झालं हे."

"घरचं काम आहे," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि हे तिला पुरतं खोटंही वाटलं नाही.

सकाळीच ती काकांच्या घरी पोचली. काकूंनी पडदे ओढून घेतले होते. काका आज टेबलाखाली नव्हते, पलंगावर बसले होते. अंघोळ केलेली, दाढी केलेली. काकूंना ते चांगलं लक्षण वाटत होतं. तिला वाटेना. महिनाभर घाबरलेला माणूस अचानक शांत बसला, की घाबरायची पाळी दुसऱ्यांची येते.

फोनवर ती वेधशाळेची नोंद बघत होती. रेषा सरळ होती, सरळ होती, आणि मग एका झटक्यात उसळली.

"आले," काका म्हणाले. त्यांच्याकडे फोन नव्हता.

मग तिला पावलांचा आवाज ऐकू आला. वरून येत होता.

"वर कोण राहतं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. वर गच्ची आहे," काकू म्हणाल्या. "आणि जिन्याला कुलूप आहे."

पण वरच्या मजल्यावरच्या पावलांचा आवाज कसा दबून येतो, ते आपल्या कानांना माहीत असतं. हा तसा नव्हता. हा अगदी मोकळा होता, खोलीतल्या खोलीत चालावं तसा. कोणीतरी छताच्या अलीकडे चालत होतं. पावलं दाराकडून निघाली, कापलेल्या दांडीला वळसा घातला आणि पलंगाच्या बरोबर वर येऊन थांबली. छताच्या चुन्याची थोडी भुकटी काकूंच्या केसांवर पडली.

तिनं वर बघितलं. छत होतं. पांढरं, कोपऱ्यात ओल आलेलं. आणखी काही नाही. हातात दुर्बीण नव्हती, याबद्दल तिला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

काकांचे केस हळूहळू उभे राहिले. मग त्यांचा सदरा दोन्ही काखांत चुरगळला. लहान मुलाला काखेत हात घालून उचलताना कपडा गोळा होतो ना, अगदी तसा. बोटं कुठं आहेत ते मोजता आलं असतं.

"धरा!" ती ओरडली.

दोघींनी काकांच्या कमरेला मिठी मारली. ते पलंगावरून उठत होते, आणि उठताना त्यांचे पाय गादीला टेकत नव्हते. त्यांना वजन असं राहिलंच नव्हतं; जे होतं ते उलट्या दिशेनं होतं. काकू रडत होत्या, देवाचं नाव घेत होत्या, मध्येच नवऱ्याला शिव्या देत होत्या. "अहो, जमिनीवर या! इतकी वर्षं हवेत गप्पा मारल्यात तेवढ्या पुरे!"

आणि काका, वर बघत, अगदी हळू आवाजात कोणाशी तरी बोलत होते. "नाही, तसं नाही... मी बरा आहे... नाही हो, या माझ्या घरच्या..."

"काका, कोणाशी बोलताय?"

"त्यांना वाटतंय मी छताला लटकलोय," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "फार घाबरलेत ते माझ्यासाठी. मला खाली उतरवून घेताहेत."

किती वेळ गेला ते तिला नंतर सांगता आलं नाही. हात बधिर झाले. पडद्याच्या कडेवरचं ऊन भिंतीवरून सरकून फरशीवर आलं. एकदा दोघींची पकड सुटता सुटता राहिली; काकूंनी दातांनी काकांचा सदरा धरला. मग कधीतरी वरचा जोर कमी झाला आणि काका धाडकन पलंगावर पडले. किती छान पडले! माणूस खाली पडतो हे बघून एवढा आनंद होईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

पावलं दाराकडे गेली. आता ती जड आणि सावकाश होती, दमलेल्या माणसाची.

"गेले?" काकूंनी विचारलं.

काका धापा टाकत होते. "गेले. एकट्याचं काम नाही म्हणाले." मग डोळे मिटून त्यांनी उरलेलं सांगितलं. "माणसं घेऊन येतो म्हणाले."

७

माणसं मग यांनीही गोळा केली. पुढच्या महिन्यात तो डाग सूर्याच्या कडेवरून पुन्हा उगवताना दिसला, त्या दिवसापासून ती तयारीला लागली. नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं क्लास बंद ठेवला. वेधशाळेचा रखवालदार आला, कारण काकांनी त्याला एकदा मोठ्या आजारपणात सांभाळलं होतं. काकूंचा भाऊ आला, तोच तो गाडीच्या किश्शातला. काय करायचंय ते त्याला पटलं नव्हतं, पण बहिणीचा चेहरा बघून तो गप्प बसला. बाजारातून जाडजूड दोर आणले. पलंग फरशीला बोल्टनं पक्का केला. काकांना त्याच्यावर निजवून कमरेला, छातीला, गुडघ्यांना बांधलं, आणि त्यांना धरायला प्रत्येकाला आपापली जागा वाटून दिली.

"एवढी माणसं माझ्या लग्नाला नव्हती," काका म्हणाले. खूप दिवसांनी रेडिओ लागला होता. सगळे हसले, गरजेपेक्षा जरा जास्तच.

तिच्या नवऱ्यानं तिच्या कानाशी विचारलं, "समजा, काहीच झालं नाही तर?"

"तर तू मला जन्मभर हसायला मोकळा."

"कबूल," तो म्हणाला आणि तिचा हात दाबला. त्याचा हात गार होता.

दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली. फोनवरची रेषा तिनं बघितली आणि फोन खाली ठेवला. काही सांगायची गरज पडली नाही, कारण सगळ्यांनीच एकदम माना वर केल्या होत्या.

छतावर पावलं वाजली. ओळखीची होती, तीच गेल्या वेळची. दाराकडून आत आली. त्यांच्यामागून आणखी एकाची. मग जरा हलकी, भरभर, बाईमाणसाची असावी तशी. मग एक पाय ओढत चालणारं कोणी म्हातारं. मग ती मोजायची थांबली. कार्य असलेल्या घरात माणसं यावीत तशी ती येत राहिली, दाटीवाटीनं, एकमेकांना जागा करून देत, आणि चुना भुरभुर गळत राहिला, सगळ्यांच्या खांद्यांवर, केसांवर. काकूंचा भाऊ "कोण आहे रे तिकडं?" असं काहीतरी ओरडला, पण त्याचा आवाज मध्येच चिरकला. रखवालदारानं डोळे गच्च मिटले होते.

"घट्ट धरा," ती म्हणाली. "काही झालं तरी काकांना सोडायचं नाही."

सगळ्यांनी काकांना धरलं. पण काकांचा सदरा या वेळी चुरगळला नाही. त्यांचे केस जागच्या जागी होते. ते दोरांत नुसते पडून होते आणि वर, त्या गर्दीकडे बघत, कान देऊन ऐकत होते. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग काकूंकडे, मग एकेक करून सगळ्यांकडे.

"ताई," ते म्हणाले, "मला धरू नका. ते माझ्या एकट्यासाठी नाही आलेत."

"म्हणजे?"

"मागच्या खेपेला त्यांनी तुम्हालाही बघितलं ना, माझ्या कमरेला धरून लोंबकळताना."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्याचे केस उभे राहत होते. त्याला काही बोलायचं होतं. पण तो तिच्या पायांकडे बघत होता, आणि तिनं खाली बघितलं तेव्हा तिच्या टाचा फरशीला टेकलेल्या नव्हत्या. दोर सगळे काकांना बांधले होते. तिनं पलंगाची दांडी पकडायला हात पुढे केला.

आणि मग तिच्या काखेत कोणीतरी फार हळुवार, फार काळजीनं हात घातले.